बापासाठी एक ओळ

गरोदर बाईची नोंद झाली की सरकारी दवाखान्यातून तिला एक कार्ड मिळतं, माता व बाल संरक्षण कार्ड. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, लसी, पुढे बाळाच्या वाढीचा आलेख, सगळ्याला त्यात जागा आहे. २०१८ साली कार्ड नव्याने बेतलं तेव्हा बाळ कधी हसतं, कधी मान धरतं, त्याच्याशी कसं खेळायचं हेही आलं. नोंदींच्या रकान्यांत बापाच्या वाट्याला येते ती नावाची ओळ. ती भरली की त्याचं काम संपलं असं कार्ड छापणाऱ्यांना म्हणायचं नसेलही, पण मोहोपाड्यात आणि आजूबाजूच्या गावांत कार्ड तसंच वाचलं जातं.

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर दांडफाट्याला आत वळलं की रसायनीचा पट्टा सुरू होतो, आणि त्याची बाजारपेठ म्हणजे मोहोपाडा. तालुका खालापूर. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सने, म्हणजे लोकांच्या तोंडच्या 'एचओसी'ने, या भागाला पगारी नोकरीची सवय लावली. चांभार्ली, रिस, वाशिवली या गावांभोवती पुढे पाताळगंगा एमआयडीसी पसरली. २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचओसीचं रसायनीतलं कामकाज बंद करायचा निर्णय घेतला. आज इथे जुनी आगरी-मराठा घरं आहेत, कंपनीतल्या पहिल्या पिढीची फ्लॅटमध्ये राहणारी मुलं आहेत, ठेकेदाराकडे काम करणारी उत्तर प्रदेश-बिहारची जोडपी भाड्याच्या खोल्यांत आहेत आणि डोंगराच्या अंगाला ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. या चौघांच्या घरी एकाच महिन्यात पाळणा हलला तरी बाळ वाढवायला शिकवणारं माणूस प्रत्येकाकडे वेगळं असतं. चाळीतल्या परप्रांतीय मुलीकडे बहुतेक वेळा तेही नसतं, फक्त मोबाइल असतो.

होऊ घातलेल्या आईबापांचा वर्ग म्हटलं की पनवेल-खारघरच्या इस्पितळांतलं दृश्य डोळ्यांसमोर येतं. रविवारची सकाळ, योगाच्या चटया, मोठा रबरी चेंडू, लंगोट बांधायच्या सरावासाठी बाहुली, आणि बायकोच्या पाठीशी अवघडून बसलेला नवरा. फी भरून घेतलेला हा वर्ग हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कळा खऱ्या की खोट्या हे कसं ओळखायचं, श्वास कसा घ्यायचा, इस्पितळात जाताना पिशवीत काय भरायचं, हे आधी ऐकलेली बाई कमी घाबरते. युरोप-अमेरिकेत या वर्गांची लाट विसाव्या शतकाच्या मध्याला आली. फ्रान्समध्ये फेर्नां लामाझने १९५० च्या दशकात श्वासाची पद्धत रुजवली आणि अमेरिकेत रॉबर्ट ब्रॅडलेने १९६५ मध्ये नवऱ्यानेच बायकोला प्रसूतीत साथ द्यावी असं सांगणारं पुस्तक लिहिलं. चटईवर बसलेला तो अवघडलेला नवरा या लाटेतून आपल्याकडे आला आहे.

मोहोपाड्याच्या पंचक्रोशीत अशा वर्गाचा फलक शोधत फिरायची गरज नाही. वर्ग इथेही भरतो, पण तुकड्यातुकड्यांत आणि वेगळ्या नावांनी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. २०१६ पासूनचा हा नेम. रांगेत बसलेल्या बायकांना नर्सताई जे सांगतात तो एक तुकडा. महिन्यातून एकदा अंगणवाडीत आरोग्य व पोषण दिवस, तो दुसरा. पोषण अभियान आल्यापासून अंगणवाडीत ओटीभरणाचा कार्यक्रम होतो. सेविका खणानारळाने ओटी भरते, पालेभाजी, कडधान्य, अंडं यांचं ताट मांडते आणि त्याच ओघात लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या, असं सांगून टाकते. डोहाळजेवणाच्या जुन्या साच्यात आहारशास्त्र घालायची ही कल्पना मला तरी कुठल्याही सादरीकरणापेक्षा शहाणपणाची वाटते.

सगळ्यांत मोठा तुकडा आशाताईंच्या पायांवर चालतो. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. बाळाचं वजन, ताप, बेंबी, श्वास, आईचं दूध, सगळं पाहायचं आणि समजावायचं. या फेऱ्या पूर्ण केल्या की मानधन २५० रुपये. हे वेळापत्रक कागदावर दिल्लीचं असलं तरी त्याचा जन्म महाराष्ट्रातला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या. गरोदर बाईच्या घरी जाऊन समजावणं, बाळंतपणाला हजर राहणं, नंतर घरी येत राहणं आणि जंतुसंसर्ग झाला तर उपचार करणं, हे काम त्या करत. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू, तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'ने तो निबंध छापला आणि २०११ मध्ये देशभरच्या आशांसाठी ही पद्धत लागू झाली.

हे वेळापत्रक घरातल्या दुसऱ्या, जुन्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावं. तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या मध्ये पाचवी येते. सटवाईची पूजा, पाटावर कोरा कागद आणि लेखणी, रात्रभर दिवा. बाराव्याला बारसं, लगेच चौदाव्याची फेरी. सव्वा महिना झाला की बाळंतीण देवदर्शनाला बाहेर पडते आणि त्याच सुमाराला आशाताईची शेवटची, बेचाळिसाव्या दिवसाची फेरी येते. नवजात बाळाला पहिल्या आठवड्यात धोका सर्वाधिक असतो हे आजच्या शास्त्राचं म्हणणं, आणि पाचवीची रात्र जागवणाऱ्या बायकांनाही तो आठवडा भीतीचाच वाटत आला. हुशार आशाताई पाचवीच्या तयारीत असलेल्या घरात शिरते तेव्हा पूजेला हात लावत नाही. आज सगळ्या बायका जमल्याच आहेत तर बाळाच्या अंगाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचं तेवढं सांगून घेते.

जमलेल्या त्या बायकांमध्ये खरा निर्णय कोणाचा? बाळंतिणीचा क्वचितच. देशात इस्पितळातली बाळंतपणं ८८.६ टक्क्यांवर पोचली, महाराष्ट्रात जवळजवळ ९५ टक्क्यांवर, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. त्याच पाहणीत जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेली बाळं देशात फक्त ४१.८ टक्के होती. म्हणजे बाई दवाखान्यात पोचते, डॉक्टर-नर्स हजर असतात, आणि तरी पहिला तास निसटतो. सिझेरियन हे एक कारण. खोलीबाहेर वाट्या-चमचे घेऊन उभी असलेली माणसं हे दुसरं. आजीच्या बोटावर मध असतो. पहिलं पिवळं दूध, ज्याला चीक म्हणतात, ते जड पडतं म्हणून पिळून टाकलं जातं. दूध उतरलंच नाही असा निकाल पहिल्या रात्रीच लागतो आणि डबा उघडतो.

या एका तासावर महाराष्ट्रात पुष्कळ काम झालं आहे, आणि ते वर्गात शिकवण्याजोगं आहे. मुंबईचे बालरोगतज्ज्ञ डॉ. प्रशांत गंगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, स्तनपानाचा प्रसार करणाऱ्या बीपीएनआय महाराष्ट्र आणि युनिसेफच्या साथीने, २००७ मध्ये 'ब्रेस्ट क्रॉल'ची चित्रफीत आणि पुस्तिका काढली. जन्मल्याबरोबर बाळाला पुसून आईच्या उघड्या पोटावर पालथं ठेवलं, की ते वासाच्या रोखाने सरकत, पायांनी रेटा देत छातीपर्यंत पोचतं आणि आपणहून पिऊ लागतं. पाहिलं नसेल तर विश्वास बसत नाही. पुढची पायरी आयआयटी मुंबईतून आली. तिथल्या डॉ. रूपल दलाल यांच्या पुढाकाराने आरोग्य-पोषणाच्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत तयार झाल्या. बाळाला ज्या बाजूला पाजायचं त्याच्या उलट्या हाताने त्याचं डोकं-मान धरायची, तोंड मोठं उघडू द्यायचं, आणि नुसतं बोंड तोंडात न देता खालचा काळा भागही तोंडात जाईल असं घ्यायचं, हे त्यांत हाताच्या प्रत्येक बोटाच्या जागेसह दाखवलं आहे. बोंडाला चिरा पडून रडणाऱ्या कितीतरी पहिलटकरणींचं दुखणं एवढ्यावर थांबतं. भाषण देऊन हे कळत नाही. बाहुली हातात देऊन, मनगट वळवून दाखवावं लागतं.

मधाबद्दल मात्र एक वाक्य पुरतं: वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, त्यातल्या जंतूच्या बीजांमुळे बोट्युलिझम होऊ शकतो. काजळात शिसं असू शकतं. बेंबीवर हळद, तेल, राख काही लावायचं नाही. पहिली आंघोळ दिवसभर पुढे ढकलायची. चार वाक्यं झाली. ती कोणाला सांगायची हा खरा प्रश्न, कारण वाटी-चमचा आजीच्या हातात आहे. 'आम्ही नाही का पाच पोरं वाढवली?' या सवालाला एकोणीस-वीस वर्षांची सून उत्तर देऊ शकत नाही, आणि तिने द्यावं अशी अपेक्षा करणं हा तिच्यावर अन्याय आहे. वर्गाचं आमंत्रण सासूबाईंच्या नावाने जायला हवं. त्यांना मान देऊन आधी विचारावं, तुमच्या वेळी काय करत होते? शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, तेलाची मालिश, यांतलं पुष्कळ तसंच ठेवता येतं. आजींचं नव्वद टक्के मान्य केलं की उरलेलं दहा टक्के बदलून घेता येतं, असा माझा अंदाज आहे. त्याला शास्त्रीय आधार शोधू नये.

सासूबाईंना बोलवावं तर आणखी एक अडचण. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी पेण, कर्जत नाही तर घाटावर निघून जाते. नोंदणी मोहोपाड्यात, ओटीभरण इथल्या अंगणवाडीत, बाळंतपण तिकडच्या दवाखान्यात, आणि तिसऱ्या दिवशी दारात उभी राहणारी आशाताई अनोळखी. तिकडे वाटी-चमचा असतो आईच्या हातात, जिला इकडच्या वर्गात कोणी बोलावलेलंच नसतं. विसावा म्हणून माहेर उत्तमच. बाळंतिणीचं मन खचतं, कारण नसताना रडू येतं, बाळाकडे पाहवत नाही, अशा वेळी आईजवळ असणं मोलाचं. (घरची माणसं याला पूर्वी बाळंतवेड म्हणून मोकळी होत. आज एडिंबरा पद्धतीची दहा प्रश्नांची यादी १९८७ पासून जगभर वापरात आहे आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं. वर्गात हा क्रमांक फळ्यावर लिहिलेला हवा.) पण माहेरच्या या चार-पाच महिन्यांत बाप नावाचा माणूस गाळलाच जातो. तो येतो बारशाला, पाहुण्यासारखा. पेढे वाटतो, फोटो काढतो, संध्याकाळच्या गाडीने परत. मूल घरी येतं तेव्हा त्याला घेण्याची पद्धत आईला अंगवळणी पडलेली असते आणि बाप 'पडेल रे माझ्या हातून' म्हणत मागे सरतो.

इथेच गर्भसंस्काराचा विषय काढायला हवा, कारण या भागात वर्ग म्हटलं की मध्यमवर्गाच्या मनात पहिल्यांदा तोच येतो. घाट चढला की कार्ला, आणि तिथे डॉ. बालाजी तांबे यांचा आत्मसंतुलना व्हिलेज. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं, पण त्यांचं गर्भसंस्काराचं पुस्तक आजही डोहाळजेवणाच्या आहेरात दिसतं. त्यातला आहार, विश्रांती, प्रसन्न राहण्याचा आग्रह कोणाला खटकावा? खटकतं ते त्याच्या नावावर इतरत्र विकलं जाणारं आश्वासन: अमुक ऐका, तमुक म्हणा आणि तेजस्वी, बुद्धिमान संतती मिळवा. पोटातल्या बाळाला साधारण सहाव्या महिन्यापासून आवाज ऐकू येतात. जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं, हे १९८० मध्ये डीकॅस्पर आणि फायफर यांच्या प्रयोगाने दाखवलं. त्यापलीकडे पोटातल्या बाळाला हुशार करण्याची सोय कोणाकडे नाही. अभिमन्यूची गोष्ट मात्र मला वेगळ्या कारणासाठी आवडते. चक्रव्यूह सांगणारा कोणी अर्जुन म्हणतं, कोणी कृष्ण. सुभद्रेला झोप लागली याचं खापर आजतागायत तिच्यावर फुटतं. दिवसभर राबलेल्या गरोदर बाईला रात्री झोप येणारच. अर्जुन असेल तर एवढं तरी कौतुक करायला हवं की तो घरी होता आणि बायकोशी बोलत बसला होता.

पाताळगंगा एमआयडीसीतल्या अर्जुनाला ती सोय नाही. फर्स्ट, सेकंड, नाईट अशी शिफ्ट आठवड्याला फिरते. अंगणवाडीची वेळ सकाळची, आरोग्य दिवस कामाच्या दिवशी, ९ तारखेची तपासणी दिवसा. रात्रपाळीवरून आलेला माणूस त्या वेळी झोपलेला असतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाप झाल्यावर १५ दिवसांची रजा मिळते, पण खासगी कारखान्यातल्या बापाला एक दिवस तरी द्या असं सांगणारा कायदा देशात नाही. बाळंतपणाच्या खोलीत बाईसोबत कोणीतरी असावं हे केंद्राने २०१६ मध्ये मान्य केलं, पण ती सोबतीण नात्यातली बाई, आणि शक्यतो स्वतः बाळंत झालेली असावी असं म्हटलं. सरकारी दवाखान्यात एका खोलीत दोन-तीन खाटा असतात, पडदा असतोच असं नाही, म्हणून हे समजण्यासारखं आहे. नवरा मात्र बाहेरच्या बाकावर राहतो. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. २०१७ च्या मूळ नियमात त्यासाठी नवऱ्याचं आधारकार्डही लागत असे. या सगळ्या व्यवहारात बापाला खास बोलावणं आलं ते एवढंच, आणि तेही कार्डाला.

त्या योजनेचे हप्ते नोंदणी, तपासणी आणि लसीकरण यांना बांधलेले आहेत. बसून ऐकण्याला, बोलण्याला नाहीत. फिनलंडने १९३८ मध्ये गरीब आयांसाठी बाळंतविड्याची पेटी सुरू केली. कपडे, दुपटी, गादी, आणि रिकाम्या खोक्यात बाळाला झोपवता येईल अशी सोय. १९४९ पासून ती सगळ्यांना मिळू लागली, अट एकच: चौथा महिना संपायच्या आत दवाखान्यात येऊन भेटायचं. महाराष्ट्रानेही २०१९ मध्ये सरकारी दवाखान्यातल्या पहिल्या बाळंतपणासाठी बेबी केअर किट काढलं. ते बाळ झाल्यावर हाती येतं. तीच पिशवी सातव्या महिन्यात दिली असती, 'दोघांनी मिळून एकदा वर्गाला या आणि घेऊन जा' म्हणून, तर रुपया जास्त न लागता नवरा एकदा तरी चटईवर बसला असता.

बाप बसला तर त्याला काय शिकवायचं? कांगारू पद्धतीपासून सुरुवात करावी. १९७८ च्या सुमाराला कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या कमी पडल्या म्हणून एडगर रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांची बाळं आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधली. ऊब मिळते, बाळ वाढतं. यातलं दूध सोडून बाकी सगळं बापाला जमतं. मग लंगोट, ढेकर, रात्रीचा एक पहारा, आणि धोक्याच्या खुणा: बाळ पीत नाही, अंग गार पडलं, छाती आत ओढते, तर आजींची वाट न पाहता १०८ ला फोन. बोलणं आणि खेळणं तर खास त्याचंच. जमैकात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ बाळांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या एका गटातल्या घरांत आरोग्यसेविका आठवड्यातून तासभर जाऊन आईला टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी बाळाशी खेळायला शिकवत, दोन वर्षं. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई इतर तशाच मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाली. आपल्याकडे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफच्या मदतीने हेच सूत्र 'आरंभ' नावाने अंगणवाड्यांत आणलं. गृहभेटी, पालकांच्या बैठका आणि पालक मेळावे. मेळाव्याची जत्रा गावच्या चौकात, शाळेच्या पटांगणात भरते म्हणून तिथे बाप थांबतात. अंगणवाडीच्या खोलीत बायकांच्या घोळक्यात यायला ते लाजतात, आणि त्यांचं लाजणं अगदीच चुकीचं नाही. ती खोली त्यांच्यासाठी मांडलेलीच नसते.

आता डोंगराकडे. खालापूर-कर्जतच्या कित्येक वाड्यांना नीट रस्ता नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा राज्याला ही चढण पहिल्यांदा कळली. आशाताई अशा चढणी आधीपासून चढत होत्या. पण कातकरी कुटुंबांची अडचण चढणीपेक्षा मोठी आहे. दिवाळी झाली की वाडी रिकामी व्हायला लागते. वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतलेली असते. कर्जत, पनवेल, भिवंडीकडे विटांना, तर कोणी कोळशाच्या भट्ट्यांसाठी थेट कर्नाटकात. परत येणं पावसाच्या तोंडाला. पोटुशी बाई सोबत जाते, कारण भट्टीवर माणूस मोजला जातो तो जोडीने: नवरा आणि बायको मिळून एक. कार्ड वाडीतल्या पत्र्याच्या पेटीत राहतं किंवा भिजतं. स्थलांतर करणाऱ्या मातांचा माग ठेवायला सरकारने संगणकप्रणाली आणली आहे, आणि नाव तिकडच्या अंगणवाडीच्या यादीत उमटलं की आहार मिळू शकतो. पण वर्षाला चार-पाच सत्रांचा कुठलाही नेटका अभ्यासक्रम या बाईच्या वर्षात बसत नाही.

तारा​बाई मोडकांनी बोर्डीला १९४५ मध्ये बालशाळा काढली तेव्हा हरिजनवाड्यातली मुलं शाळेत येईनात. मग ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी तिथून आली, आणि पुढे कोसबाडच्या डोंगरावर त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी मुलांसाठी तेच केलं. रायगडात हे करायचं तर अंगण म्हणजे भट्टी. मोहोपाड्याच्या परिसरातल्या होऊ घातलेल्या आईबापांत दिवसभर एकमेकांसोबत असणारं जोडपं शोधलं, तर ते फ्लॅटमध्ये सापडत नाही, चाळीत सापडत नाही. ते भट्टीवर सापडतं. बायको चिखल मळते, नवरा साचा मारतो, थोरलं पोर विटांच्या ओळींमधून फिरतं. सासू-आई बहुधा वाडीत राहिलेल्या असतात, म्हणून वाटी-चमच्याचा निर्णयही इथे या दोघांचाच. वर्गाला हवे असलेले दोन्ही विद्यार्थी हजर आहेत. नाही ती उसंत. काम पहाटे अंधारात सुरू होतं आणि मोजणी हजारांत होते, त्यामुळे तासभर बसलं की त्या तासाच्या विटा बुडाल्या.

आठवड्यातून एकदा मालक खर्ची देतो. त्या दिवशी जोडपी तांदूळ-तेल-मिरची घ्यायला जवळच्या बाजाराला येतात, बहुतेक दोघंही, कडेवर पोर घेऊन. वर्ग भरवायचा तर तो दिवस आणि ती जागा, किराणा दुकानाच्या शेजारी. बाहुली एक, आशाताई एक, वजनकाटा एक, अर्धा तास. खर्ची बहुधा दुपार कलल्यावर हातात पडते, आणि तोपर्यंत अंगणवाडीला कुलूप लागलेलं असतं. आशाताईला त्या अर्ध्या तासाचे पैसे कोणत्या रकान्यातून द्यायचे हे आधी ठरवावं लागेल.